अंतर आणि मजल : उत्तरेकडील दोन विमानतळांमधील प्रवासाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

दोन गावांमधील अंतर किती, हा प्रश्न सकृद्दर्शनी अगदी साधा वाटतो. नकाशा घ्यावा, त्यावर पट्टी ठेवावी, प्रमाण पाहून गुणाकार करावा, की उत्तर हाती आले, अशी सर्वसामान्य समजूत असते. परंतु हाच प्रश्न वाटसरू विचारतो तेव्हा त्याला बहुधा निराळ्या उत्तराची अपेक्षा असते. ‘पुढचे गाव किती लांब आहे?’ असे विचारणाऱ्याला ‘तीन कोस’ या उत्तरापेक्षा ‘दिवस मावळायच्या आत पोचाल’ हे उत्तर अधिक उपयोगाचे वाटते. पहिले उत्तर भूमीविषयीचे आहे, दुसरे प्रवासाविषयीचे. जेथे रस्ते आहेत, वाहने आहेत आणि वस्ती दाट आहे, तेथे ही दोन उत्तरे एकमेकांच्या इतकी जवळ येतात की त्यांतील भेद विसरला तरी चालतो. पण जेथे वस्ती विरळ आणि वाटा मोजक्या, तेथे हा भेद उघडा पडतो.

असा भेद पाहण्यास पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील प्रदेशासारखे दुसरे स्थळ नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रदेशातील दोन विमानतळांचे उदाहरण घेतले आहे. पहिला विमानतळ अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील उत्कियाग्विक या गावाचा. हे गाव दीर्घकाळ बॅरो या नावाने ओळखले जात असे. २०१६ साली तेथील नागरिकांनी मतदानाने इन्युपिआक भाषेतील जुने नाव पुन्हा स्वीकारले. दुसरा विमानतळ नॉर्वेच्या आधिपत्याखालील स्वालबार्ड द्वीपसमूहात, लाँगइयरबियेन या गावी आहे. १९०६ साली जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाच्या कोळसा-कंपनीने ही वसाहत स्थापली. तिच्या नावातील ‘बियेन’ या नॉर्वेजियन पदाचा अर्थ ‘ते गाव’ एवढाच आहे. या दोन ठिकाणांमधील विमानाचे अंतर किती आणि तेथून येथे येण्यास वेळ किती लागतो, हे दोन प्रश्न एकापाठोपाठ विचारले असता मिळणारी उत्तरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, याचा उलगडा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. नकाशावरील अंतर आणि पृथ्वीवरील अंतर

प्रथम नकाशाकडे पाहू. शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा बहुधा मर्केटरच्या प्रक्षेपणावर किंवा त्याच्यासारख्याच एखाद्या आयताकृती प्रक्षेपणावर आधारलेला असतो. त्यावर उत्कियाग्विक अगदी डावीकडे वरच्या कोपऱ्यात सापडते, कारण त्याचे रेखांश सुमारे १५७ अंश पश्चिम आहेत. लाँगइयरबियेनचे रेखांश सुमारे १५ अंश पूर्व असल्याने ते मध्याच्या किंचित उजवीकडे येते. दोहोंमधील रेखांशांचा फरक जवळजवळ १७२ अंशांचा, म्हणजे नकाशाच्या निम्म्या रुंदीइतका होतो. विषुववृत्तावर एवढ्याच फरकाला सुमारे १९,००० किलोमीटर अंतर पडते. त्यामुळे ही दोन गावे जगाच्या दोन टोकांना आहेत, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो.

हा ग्रह खोटा आहे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना परस्परांच्या जवळ येत जातात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. आयताकृती नकाशात मात्र ती शेवटपर्यंत समांतर काढलेली असतात. जो प्रदेश ध्रुवाला जितका जवळ, तितका तो अशा नकाशावर रुंदीला अधिक ताणला जातो. उत्कियाग्विक ७१ अंश १७ मिनिटे आणि लाँगइयरबियेन ७८ अंश १५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. या दोन्ही अक्षांशांच्या मध्यावरील अक्षवृत्त धरून पूर्वेकडे सरकत गेले, तर १७२ अंश ओलांडण्यास सुमारे ५,००० किलोमीटर पुरतात. १९,००० चे ५,००० झाले, तरीही हे अंतिम उत्तर नव्हे, कारण अक्षवृत्ताची वाट ही जवळची वाट नसते.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट बृहद्‌वृत्ताची असते. गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला असता पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त आहे. समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहद्‌वृत्त होते. विषुववृत्ताखेरीज इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्‌वृत्ते नव्हेत. संत्र्यावर दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर दोरा आपोआप याच वाटेवर बसतो.

उत्कियाग्विक आणि लाँगइयरबियेन यांच्यामध्ये असा दोरा ताणला तर तो उत्तर ध्रुवापासून अवघ्या एका अंशावरून, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरांवरून जातो. कारण उघड आहे. १७२ अंशांचा फरक १८० अंशांना फारसा उणा नाही, म्हणजे ही गावे ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. अशा दोन गावांमधील जवळची वाट ध्रुवाच्या अंगणातून जाणार हे ओघानेच आले. या वाटेची लांबी सुमारे ३,३९० किलोमीटर भरते. अगदी ध्रुवावरून जाण्याचा हट्ट धरला तरी तीत सात-आठ किलोमीटरांचीच भर पडेल. तुलनेसाठी असे म्हणता येईल की मुंबईहून बँकॉक सुमारे ३,००० आणि क्वालालंपूर सुमारे ३,६०० किलोमीटरांवर आहे. भिंतीवरच्या नकाशात जगाची दोन टोके भासणारी ही गावे वस्तुतः मुंबईपासून आग्नेय आशियातील या शहरांइतकीच एकमेकांपासून दूर आहेत.

या वाटेचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. उत्कियाग्विकहून निघताना विमानाचे तोंड खऱ्या उत्तरेच्या केवळ तीन अंश पूर्वेला असते. लाँगइयरबियेनला पोचताना तेच तोंड जवळजवळ दक्षिणेस असते. मध्यंतरी वैमानिकाने विमान कोठेही वळविलेले नसते. विमान सरळ गेले, बदलला तो दिशांचा संदर्भ. उत्तर हा शब्द ज्या बिंदूवरून अर्थ घेतो, तो बिंदू वाटेत मागे पडला, एवढेच काय ते घडले.

३. वेगाचे गणित आणि घड्याळाचे गणित

अंतर कळले, की वेळ काढणे हा भागाकार उरतो. प्रवासी जेट विमान हवेच्या सापेक्ष ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. उंची गाठण्यास व उतरण्यास लागणारा अधिक वेळ आणि वाऱ्याची साथ किंवा विरोध हे सर्व जमेस धरले, तर ३,३९० किलोमीटरांच्या उड्डाणास साधारणपणे सव्वाचार ते साडेचार तास लागतील. समशीतोष्ण कटिबंधातील पूर्व-पश्चिम उड्डाणांत जेट प्रवाहामुळे जाण्याच्या व येण्याच्या वेळेत एक-दीड तासाचा फरक सहज पडतो. ध्रुवाजवळच्या वाटेवर हा परिणाम सामान्यतः सौम्य असतो.

घड्याळाचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. रेखांशांच्या फरकानुसार दोन गावांच्या सूर्यघड्याळांत सुमारे साडेअकरा तासांचा फरक असला पाहिजे. व्यवहारात अलास्का व नॉर्वे यांच्या प्रमाणवेळांत दहा तासांचा फरक आहे. उत्कियाग्विकहून सकाळी आठ वाजता निघालेले काल्पनिक थेट विमान लाँगइयरबियेनच्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेदहाला पोचेल. ऋतू उन्हाळ्याचा असेल तर या रात्री सूर्य आकाशात तळपत असेल. हिवाळ्याचा असेल तर सकाळी निघतानाही अंधार आणि उतरतानाही अंधार. उत्कियाग्विक येथे हिवाळ्यात सुमारे ६५ दिवस सूर्य उगवत नाही. लाँगइयरबियेन येथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्याचे दर्शन होत नाही. दिवस आणि रात्र या शब्दांवर कालगणनेचा भार जेथे टाकता येत नाही, अशा प्रदेशातील हा प्रवास आहे, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवले पाहिजे.

४. १९२८ चे उड्डाण

ही थेट वाट केवळ कागदावरची नाही. १९२६ च्या मे महिन्यात ॲमंडसेन, एल्सवर्थ व नोबिले यांचे ‘नोर्गे’ हे वायुयान स्वालबार्डमधील किंग्ज बेहून निघाले आणि ध्रुवावरून अलास्काच्या किनाऱ्यावर टेलर येथे सत्तर तासांहून अधिक काळाने उतरले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९२८ च्या एप्रिलच्या मध्यास, ऑस्ट्रेलियन संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स आणि अमेरिकन वैमानिक कार्ल बेन आयेलसन यांनी पॉइंट बॅरोहून विमानाने उड्डाण केले. विमान होते एका इंजिनाचे, लाकडी बांधणीचे लॉकहीड व्हेगा. स्थानिक लोकांच्या साहाय्याने बर्फ खणून तयार केलेल्या अरुंद पट्टीवरून ते उचलले गेले. अलास्का आणि ध्रुव यांच्या दरम्यानच्या अज्ञात भागात एखादी भूमी आहे की काय, हे पाहण्याचा विल्किन्सचा उद्देश असल्याने त्याने ध्रुवावरची वाट न धरता कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या बाजूने जाणारी थोडी लांबची वाट धरली. सुमारे २,२०० मैल, म्हणजे ३,५०० किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर त्यांनी २० तास २० मिनिटांत ओलांडले. भूमी आढळली नाही.

या उड्डाणातील खरी अडचण वेगाची नव्हती, दिशेची होती. बृहद्‌वृत्ताच्या वाटेवर रेखावृत्ते एकामागून एक तिरपी कापली जातात. त्यामुळे होकायंत्रावरील दिशाकोन वरचेवर बदलावा लागतो. शिवाय उत्तर चुंबकीय ध्रुव त्या काळी उत्तर कॅनडात होता, म्हणून चुंबकसूचीची खऱ्या उत्तरेपासूनची च्युती वाटेत सतत आणि मोठ्या प्रमाणात पालटत होती. चुंबकीय ध्रुवाच्या आसपास सूचीला आडवे ओढणारे बलही क्षीण असते. सूर्याचा वेध, घड्याळ आणि गणित यांच्या आधारे विल्किन्सने वाट काढली. आज जडत्वीय मार्गदर्शन आणि उपग्रह यांमुळे हे काम यंत्राकडे गेले आहे.

तथापि, २० तास २० मिनिटे हा आकडा या प्रवासाचे पूर्ण उत्तर नव्हे. स्पिट्सबर्गेनजवळ पोचताच वादळाने त्यांना गाठले. इंधन संपत आले होते, म्हणून एका निर्जन बेटावर उतरणे भाग पडले. तेथे ते पाच दिवस अडकून राहिले. हवा निवळल्यावर बर्फात रुतलेले विमान हलविण्यासाठी विल्किन्सला खाली उतरून ढकलावे लागले आणि विमान त्याला खालीच ठेवून उडाले. आयेलसनला पुन्हा उतरावे लागले. एवढे सोपस्कार झाल्यावर ते दोघे ग्रीन हार्बर येथील बिनतारी केंद्रापर्यंत पोचले. उड्डाणाचा काळ वीस तासांचा, पण माणसांत पोचण्याचा काळ सहा दिवसांचा. अंतर आणि प्रवास यांतील भेद पहिल्याच यशस्वी विमानप्रवासात असा प्रत्ययास आला.

५. आजची वाट

मध्यंतरीच्या काळात दोन्ही टोकांना उत्तम विमानतळ झाले. उत्कियाग्विकचा विमानतळ विली पोस्ट आणि विल रॉजर्स यांच्या नावाने ओळखला जातो. १९३५ च्या ऑगस्टमध्ये या गावाजवळ झालेल्या विमान-अपघातात ते दोघे मृत्यू पावले. गावाला अलास्काच्या उर्वरित भागाशी जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात सागरी तराफ्यांतून जड माल येतो, एरवी सर्व भिस्त विमानावर असते. लाँगइयरबियेनचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. नित्यगोठित भूमीवर सुमारे अडीच किलोमीटर लांबीची धावपट्टी टिकविणे हे त्याच्या अभियंत्यांपुढचे कायमचे आव्हान आहे. नियमित प्रवासी सेवा असलेल्या विमानतळांत तो जगात सर्वांत उत्तरेचा होय. भारतीय शास्त्रज्ञांचाही त्याच्याशी संबंध येतो. गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे संशोधनस्थानक २००८ पासून स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुन येथे आहे. तेथे जाणारा शास्त्रज्ञ ओस्लोहून लाँगइयरबियेनला येतो आणि तेथून लहान विमानाने पुढचे ११० किलोमीटर जातो.

दोन्ही टोकांना धावपट्ट्या आहेत, पण त्यांच्यामध्ये प्रवासी विमानसेवा नाही. उत्कियाग्विकहून निघालेल्या प्रवाशाला प्रथम दक्षिणेस अँकरेजला जावे लागते (१,१६० किलोमीटर), तेथून आणखी दक्षिणेस सिॲटलला (२,३३० किलोमीटर), तेथून अटलांटिक ओलांडून आइसलँडमधील केफ्लाविकला (५,८१० किलोमीटर), तेथून ओस्लोला (१,७८० किलोमीटर) आणि अखेर उत्तरेस लाँगइयरबियेनला (२,०१० किलोमीटर). स्वालबार्ड शेंगेन व्यवस्थेबाहेर असल्याने नॉर्वेहून जातानाही पारपत्र दाखवावे लागते. ही एक नमुन्याची वाट झाली. वेळापत्रकांनुसार मधले थांबे बदलू शकतात. बेरीज सुमारे १३,१०० किलोमीटर होते, म्हणजे थेट अंतराच्या जवळजवळ चौपट. अँकरेजहून फ्रँकफुर्टला थेट जाणारे उन्हाळी विमान मिळाले तरी एकूण अंतर ११,८०० किलोमीटरांच्या खाली येत नाही.

आता वेळेचा हिशेब करू. पाच उड्डाणांचा हवेतील काळच सुमारे १८ तासांचा होतो. विल्किन्स व आयेलसन यांच्या लाकडी विमानाला लागलेल्या काळाहून तो केवळ दोन तासांनी कमी आहे. त्यात चार ठिकाणी विमान बदलण्याचा, वाट पाहण्याचा आणि हवामानामुळे होणाऱ्या खोळंब्याचा वेळ मिळविला, की प्रवास दीड-दोन दिवसांवर जातो. १९२८ नंतर विमानाचा वेग पाचपट वाढला, पण या दोन गावांमधील प्रवासात त्या वेगाचा लाभ लांबलेल्या वाटेने जवळजवळ सर्वच गिळून टाकला.

६. वाट का लांबली

याचे कारण यंत्राच्या मर्यादेत नाही. ध्रुवाजवळून प्रवासी विमाने नेण्याचे तंत्र जुने आहे. स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने १९५७ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनहून ध्रुवावरून अँकरेजमार्गे टोकियोस नियमित सेवा सुरू केली. पुढे तीन दशके युरोप आणि अतिपूर्व यांच्यामधील अनेक विमाने इंधनासाठी अँकरेजला थांबत. १९९० च्या सुमारास सोव्हिएत हवाई हद्द अधिक मोकळी झाली, लांब पल्ल्याची विमाने आली आणि तो थांबा अनावश्यक ठरला. २०२२ च्या मार्चमध्ये रशियन हवाई हद्द बंद झाल्यावर फिनलंडच्या फिनएअर कंपनीने हेलसिंकी-टोकियो विमाने स्वालबार्ड, उत्तर ध्रुव आणि अलास्का या बाजूने नेण्यास आरंभ केला. म्हणजे या लेखात जिचा विचार चालला आहे, जवळपास त्याच वाटेवरून प्रवासी नेण्यात आले. दोन्ही टोके खिडकीखालून गेली, पण विमान उतरले नाही.

ध्रुवीय उड्डाणास अधिक तयारी लागते हे खरे. ७८ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे जाणाऱ्या विमान कंपन्यांवर अमेरिकन हवाई प्रशासनाने विशेष अटी घातल्या आहेत. आणीबाणीत उतरण्याजोगे विमानतळ अगोदर निश्चित करणे, तेथे उतरलेल्या प्रवाशांना परत आणण्याची योजना तयार ठेवणे, इंधन गोठू नये म्हणून त्याच्या तापमानावर लक्ष ठेवणे आणि विमानात अतिशीत हवेत घालावयाचे किमान दोन पोषाख बाळगणे, या त्यांपैकी काही अटी होत. विमानाच्या इंधनाचा एक प्रचलित प्रकार उणे ४० अंश सेल्सिअसला गोठू लागतो, आणि उंचावरील हवा त्याहूनही थंड असू शकते. सुमारे ८२ अंशांपलीकडे विषुववृत्तावरील स्थिर उपग्रहांशी संपर्क भरवशाचा राहत नाही, त्यामुळे जुन्या लघुलहरी रेडिओचा आश्रय घ्यावा लागतो. पण या अडचणी पार करता येण्याजोग्या आहेत, आणि रोजच्या व्यवहारात त्या पार केल्याही गेल्या आहेत.

खरे कारण माणसांच्या संख्येत आहे. २०२० च्या जनगणनेप्रमाणे उत्कियाग्विकची लोकसंख्या ४,९२७ होती. लाँगइयरबियेनची वस्ती सुमारे अडीच हजारांची आहे. एवढ्या दोन गावांमध्ये रोज विमान भरण्याइतके प्रवासी निघणार नाहीत, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. त्याहून महत्त्वाचे कारण असे की उत्तरेकडील प्रत्येक वस्ती आपापल्या देशाच्या दक्षिणेकडील राजधानीला किंवा व्यापारी शहराला दोऱ्याने बांधलेली आहे. डॉक्टर, शिक्षक, टपाल, भाजीपाला आणि आज्ञापत्रे त्याच दोऱ्यावरून येतात. त्यामुळे सर्व दोरे उत्तर-दक्षिण पडले आहेत. वस्त्यांना एकमेकींशी जोडणारे आडवे दोरे फारच थोडे आहेत.

उत्कियाग्विक आणि लाँगइयरबियेन या जोडीबाबत याचे दुःख मानण्याचे कारण नाही. स्वालबार्डला मूळची अशी प्रजा नव्हती, म्हणून तेथील लोकांचे अलास्काशी पिढीजात नाते नाही. पण जेथे असे नाते आहे, तेथेही दोऱ्यांची हीच मांडणी आढळते. अलास्काची इन्युपिआक, कॅनडाची इनुक्टिटुट आणि ग्रीनलँडची कालालिसुट या भाषा एकाच कुळातील असून बोलींची एक साखळी पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड पसरली आहे. या लोकांच्या प्रतिनिधींची पहिली परिषद १९७७ च्या जूनमध्ये तेव्हाच्या बॅरो येथेच, एबेन हॉप्सन यांच्या पुढाकाराने भरली होती. तरीही कॅनडातील इकालुइत आणि ग्रीनलँडची राजधानी नूक या केवळ ८२० किलोमीटरांवरील दोन शहरांमध्ये कित्येक वर्षे थेट विमान नव्हते. ती सेवा २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्यापूर्वी सामुद्रधुनीपलीकडच्या समभाषिकाला भेटावयाचे, तर आधी दक्षिणेकडील परभाषिकांच्या शहरांतून फिरून यावे लागे. बोलींची साखळी पूर्व-पश्चिम आणि विमानांची वाट उत्तर-दक्षिण, असा हा छेद आहे. तो दीर्घकाळ टिकला, तर साखळीच्या कड्या एकमेकींपासून दूर सरकतात हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. ज्यांची भेट होत नाही, त्यांची बोली एक राहत नाही.

७. भाषेने केलेले मोजमाप

अंतर आणि प्रवास यांतील हा भेद भूगोलाच्या पुस्तकांत उशिरा आला असला, तरी भाषांना तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीतील ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’ या शब्दापासून आला. त्याच्या मुळाशी ‘उतरणे’ या अर्थाचा धातू आहे. वाहनावरून उतरून जेथे मुक्काम करावयाचा ती मजल, आणि म्हणून दोन मुक्कामांमधील चालही मजल. ‘मजल दरमजल करीत’ येणारा माणूस किती कोस आला हे कोणी विचारीत नाही, त्याचे किती मुक्काम झाले हे विचारतात. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक या शब्दावरून आला. ‘योजन’ या शब्दात बैल किंवा घोडे जुंपण्याची क्रिया आहे. यांतील प्रत्येक माप मूलतः माणसाच्या किंवा जनावराच्या शक्तीचे माप आहे, भूमीचे नव्हे.

या लेखातील दोन टोकांच्या भाषांतही हीच दृष्टी आढळते. नॉर्वेजियनची पूर्वज असलेल्या प्राचीन नॉर्स भाषेत लांबीच्या एका मापास ‘रोस्त’ म्हणत. दोन विश्रांतींमधील पल्ला असा त्याचा मूळ अर्थ असून इंग्रजीतील ‘रेस्ट’ म्हणजे विश्रांती हा शब्द त्याचाच सगोत्र आहे. आर्क्टिकच्या किनाऱ्यांवर पसरलेल्या इन्युइट लोकांत लांबचा प्रवास झोपांच्या संख्येने सांगण्याची रीत होती. ‘सिनिक’ या धातूचा अर्थ झोपणे असा आहे. अमुक ठिकाण इतक्या झोपांवर आहे, असे सांगितले की त्यात बर्फाची स्थिती, कुत्र्यांचा दम, गाडीवरचे ओझे आणि हवेचा रंग हे सर्व आलेच. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही, तेथे ‘इतक्या दिवसांची वाट’ हे माप कामास येत नाही. झोप मात्र माणसाला दोन्ही ऋतूंत येते. या मापाची युक्तता यावरून कळून येईल.

या मापाने पाहिले असता हिशेब स्वच्छ होतो. उत्कियाग्विक ते लाँगइयरबियेन हे अंतर ३,३९० किलोमीटर आहे, आणि पृथ्वी आहे तोवर ते तेवढेच राहील. प्रवास मात्र माणसांच्या व्यवस्थेनुसार बदलत जातो. थेट विमान असते, तर हे गाव एकही झोप न घेता गाठता आले असते. विल्किन्स व आयेलसन यांना विमानात झोप मिळाली नाही, पण मुक्कामाशी पोचण्यापूर्वी वादळात पाच झोपा घ्याव्या लागल्या. आजच्या प्रवाशाला वाटेत एक किंवा दोन झोपा घ्याव्या लागतात, आणि त्यांपैकी एखादी तरी विमानतळाच्या बाकावर होते. त्यामुळे अशा दोन ठिकाणांविषयी ‘अंतर किती’ असे विचारणाऱ्याला किलोमीटरांचा आकडा देऊन थांबणे पुरेसे नाही. आकड्याबरोबरच मजल किती हेही सांगितले पाहिजे, कारण प्रवास शेवटी माणसालाच करावयाचा असतो.